निळी पावडर, लाल लाईट आणि ‘ॲप्लिकेशन काय?’

सुरुवातीलाच एक डिस्क्लेमर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. पहिली ते दहावी वर्गात मराठी बोलायला बंदी, आणि मधल्या सुट्टीत कोणी पकडलं तर पाच रुपये फाईन. (माझ्या एकटीच्या फाईनमधून शाळेचा निदान एक सीलिंग फॅन तरी आला असेल!) त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाची गडबड सापडली तर ती माझी, आणि सापडली नाही तर संपादक मंडळाची मेहनत समजावी. ‘रेणू’ हे फक्त मुलीचं नाव असतं असं मला अकरावीपर्यंत वाटायचं. मॉलिक्युलला मराठीत रेणू म्हणतात हे कळलं त्या दिवशी क्लासमध्ये मी एकटीच हसत होते.

मग एवढी हौस कशाला, इंग्लिश सेक्शनला लिही की, असं माझी रूम पार्टनर म्हणाली. पण हा लेख आधी बाबांना समजावून सांगताना तयार झाला आणि बाबांना इंग्लिश सेक्शन चालत नाही.

माझं घर अंबरनाथला. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. एक, “म्हणजे अमरनाथ यात्रा?” आणि दुसरी, “उल्हासनगरच्या पुढे ना? मेड इन यूएसए!” उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा हा जोक आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे, तरी लोक तो नवीन असल्यासारखा सांगतात. तिसरी प्रतिक्रिया जो कोणी त्या बाजूने एकदा तरी लोकलने गेला आहे त्याची असते. तो काही बोलत नाही, नाकाला रुमाल लावल्याची ॲक्शन करतो. खरं आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात केमिस्ट्री पुस्तकातून कळायच्या आधी नाकाने कळते. मोरिवली, आनंदनगर, मानकिवली ही आम्हाला गावांची नावं कमी आणि एमआयडीसीची जास्त वाटतात.

बाबा अशाच एका पिगमेंटच्या कंपनीत सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. डिपार्टमेंट मिलोरी ब्लू. पुस्तकातलं नाव प्रशियन ब्लू. शाईत, पेंटमध्ये, कार्बन पेपरमध्ये जाणारा गडद निळा रंग. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांची नखं निळी असतात. आई त्यांचा युनिफॉर्म वेगळ्या बादलीत धुवायची आणि तरी आमच्या घरातल्या प्रत्येक टॉवेलला एक निळसर छटा होतीच.

आता मुद्द्यावर येते. मागच्या सेमला आम्हा टीईच्या मुलांना सेमिनारचा टॉपिक द्यायचा होता. मी दिला: ‘प्रकाशाने रेणूंचं मॅग्नेटिझम बदलणे’. गाईड सरांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, “ॲप्लिकेशन काय?” मी म्हटलं, सर, अजून बाजारात काही नाही. “मग ईएक्सटीसीमध्ये हे कशाला? एआयवर काहीतरी घे.” (सर, हे वाचत असाल तर रागावू नका, पुढे तुमच्या बाजूचंही लिहिलंय.) मी दोन दिवसांनी तोच टॉपिक परत नेला, फक्त शेवटी एक स्लाइड वाढवली. त्यावर लिहिलं: ‘उद्याचे पेनड्राइव्ह व हार्ड डिस्क या रेणूंपासून बनतील. एक रेणू, एक बिट!’ आणि शेजारी चकचकीत पेनड्राइव्हचं चित्र. टॉपिक ताबडतोब मंजूर.

ती स्लाइड खोटी होती. मला तेव्हाच माहीत होतं. सेमिनारला टाळ्या पडल्या, मार्क्स चांगले मिळाले, आणि त्या दिवसापासून ती स्लाइड माझ्या डोक्यातून जात नाही. हा लेख म्हणजे तिचा करेक्शन पेपर समजा.

पण आधी ती गोष्ट काय आहे ते सांगते, कारण ती सांगण्यासारखी आहे.

लोखंडाचा अणू घ्या. शुद्ध लोखंड नाही, संयुगातलं, ज्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले आहेत असं. त्याच्याकडे बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन उरतात आणि त्यांना बसायला पाच जागा. अणू एकटा असेल तर पाचही जागा सारख्या. पण सहा बाजूंनी नायट्रोजनवाले रेणू येऊन त्याला चिकटले की भेदभाव सुरू होतो: तीन जागा खालच्या, दोन वरच्या. एका जागेवर जास्तीत जास्त दोघं, आणि तेही एकमेकांकडे पाठ करून. आता सहा जणांनी बसायचं कसं? बदलापूर लोकलचा हिशेब लावा. एक पर्याय म्हणजे खालच्या तीन सीटवर दोन-दोन जणांनी दाटीने बसायचं. सगळ्यांच्या जोड्या लागतात, प्रत्येक जोडीत एकाचं मॅग्नेटिझम दुसरा मारतो, आणि अणू मॅग्नेटला ओळखही देत नाही. याला लो स्पिन म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे वर चढायचे कष्ट घ्यायचे आणि मोकळं बसायचं. मग एकच जोडी उरते, चार जण एकेकटे, सगळे एकाच दिशेला तोंड करून. हे हाय स्पिन. तोच अणू, तेच सहा इलेक्ट्रॉन, पण आता मॅग्नेटला प्रतिसाद देणारा.

वर चढण्याचा त्रास आणि दाटीचा त्रास, जो कमी तो पर्याय निवडला जातो. बहुतेक संयुगांत हा निर्णय एकदाच होतो आणि विषय संपतो. पण काही संयुगांत दोन्ही त्रास जवळजवळ सारखे असतात. तिथे थोडं तापवलं की इलेक्ट्रॉन वर, थंड केलं की खाली. ही गोष्ट इटलीत काम्बी आणि सेगो यांनी १९३१ मध्ये पाहिली होती. म्हणजे विषय माझ्या आजोबांपेक्षा जुना आहे.

प्रकाश यात आला तो नंतर. १९८४ मध्ये जर्मनीतल्या माइन्त्सला ग्युटलिश, हाउझर आणि त्यांच्या मंडळींनी लोखंडाच्या एका संयुगाचे जांभळे क्रिस्टल खूप थंड केले आणि त्यावर हिरवा प्रकाश टाकला. जांभळा रंग गेला, क्रिस्टल बिनरंगी झाले. प्रकाशाने इलेक्ट्रॉनना वर ढकललं होतं आणि खाली यायला लागणारी ऊर्जा त्या थंडीत त्यांच्याकडे नव्हती. लाईट बंद केला तरी ते वरच अडकून राहिले. पुढे हाउझरने दाखवलं की लालच्याही पलीकडचा प्रकाश टाकला की ते परत खाली येतात. एक रंग म्हणजे ऑन, दुसरा रंग म्हणजे ऑफ. वायर नाही, कॉइल नाही, करंट नाही. आणि वेग? सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांत हा बदल होऊन जातो. आपल्या मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमधला किट रीसेट होईपर्यंत काय काय होऊन जाईल याचा हिशेब कोणीतरी करावा.

हे सगळं वाचत असताना मला एक नाव दिसलं आणि मी लायब्ररीत उभीच राहिले. प्रशियन ब्लू.

१९९६ मध्ये टोकियोत सातो, इयोदा, फुजिशिमा आणि हाशिमोतो यांनी प्रशियन ब्लूचाच एक भाऊ बनवला. त्यात लोखंडाच्या जोडीला कोबाल्ट होतं आणि मध्ये तेच सायनाइडचे पूल. त्यावर लाल प्रकाश टाकला की लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून कोबाल्टकडे जातो, दोघांकडेही एकटे इलेक्ट्रॉन तयार होतात आणि पूर्ण क्रिस्टलचं मॅग्नेटिझम वाढतं. निळा प्रकाश टाकला की बऱ्याच अंशी परत कमी होतं. आधी जो पदार्थ १६ केल्विनच्या खाली मॅग्नेट होता तो लाल प्रकाशानंतर १९ केल्विनपर्यंत मॅग्नेट राहिला. (यातले फुजिशिमा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या १९७२ च्या पेपरवाले.)

त्या शनिवारी घरी गेले ते सरळ बाबांसमोर बसले. म्हटलं, “बाबा, तुमचा मिलोरी ब्लू मॅग्नेट आहे.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“पुस्तकात आहे.”

“सव्वीस वर्षं आमची पावडर पॅकिंगला जायच्या आधी मॅग्नेटवरून जायची. पल्व्हरायझरचे लोखंडी कण निघावेत म्हणून. रोज मॅग्नेट मी पुसलाय. लोखंड चिकटायचं. निळा कण एक नाही चिकटला.”

“तो साडेपाच केल्विनला मॅग्नेट होतो. म्हणजे उणे २६७ डिग्री.”

“मग असं सांग ना!” बाबा म्हणाले आणि पेपर परत उचलला. “तेवढ्या थंडीत मीपण कशालातरी चिकटेन.”

पण विषय त्यांना सुटला नव्हता. जेवताना त्यांनीच काढला. बॅच कशी लागते ते सांगायला लागले. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि सोडियम फेरोसायनाइड एकत्र आलं की आधी निळं काही होतच नाही, पांढरी पेस्ट पडते. नवीन पोरगा असला की त्याला वाटतं बॅच फुकट गेली. मग ॲसिडमध्ये गरम ठेवायची, क्लोरेट सोडायचं, आणि पेस्ट डोळ्यांसमोर निळी होत जाते. मग फिल्टर प्रेस, धुलाई, ड्रायर. “पांढऱ्याचं निळं होतं तेव्हा आत काय होतं ते आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही,” बाबा म्हणाले. मी त्यांना सांगितलं: लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन जातो. दोन प्रकारचं लोखंड शेजारी-शेजारी तयार होतं, आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारताना प्रकाशातला लाल भाग खातो, म्हणून आपल्याला निळं दिसतं. टोकियोच्या मंडळींनी लाल प्रकाश का वापरला हे बाबांना, दहावी पास माणसाला, माझ्या आधी कळलं. “जो खातोय तोच घालायला पाहिजे ना,” असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

आमच्या सेमिनारला बसलेल्या साठ जणांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांना पेनड्राइव्ह आवडला होता.

तर आता त्या स्लाइडबद्दल. ‘एक रेणू, एक बिट’ का खोटं आहे? पहिलं कारण थंडी. वर सांगितलेल्या गोष्टी लिक्विड हेलियमच्या आसपासच्या तापमानाला होतात. लिक्विड हेलियम कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये तयार करतात, पेनड्राइव्हबरोबर खिशात ठेवता येत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण ते कुठल्याही इंजिनिअरला कागदावर करता येतं, आणि मी केलं नव्हतं. रेणू साधारण एक नॅनोमीटरचा. दिसणारा प्रकाश लेन्सने कितीही बारीक केला तरी ठिपका अडीचशे नॅनोमीटरच्या खाली सहज जात नाही. म्हणजे एका ठिपक्याखाली पन्नास हजारांच्या आसपास रेणू येतात, तेही फक्त एका थरातले. टॉर्च एक आणि त्याच्याखाली अख्खा कॅम्प नंबर चार! एकाच घरातला दिवा लावायचा आहे आणि बटण पूर्ण कॅम्पला मिळून एक, अशी परिस्थिती. तिसरं म्हणजे बाजार थांबलेला नाही. सीगेटने २०२४ मध्ये लेझर वापरून लिहिणाऱ्या हार्ड डिस्क बाजारात आणल्या. पण तिथे लेझरचं काम तवा तापवण्याचं आहे, धातूचा बिंदू गरम करायचा आणि नेहमीच्या हेडने लिहायचं. त्याचा माझ्या रेणूंशी संबंध नाही. सेमिनारमध्ये मात्र मी तोही जोडला होता.

मग सर बरोबर होते का? अर्धे. ‘ॲप्लिकेशन काय?’ हा प्रश्न वाईट नाही. बाबांनीही तोच विचारला होता, फक्त शब्द वेगळे होते: “यातून नोकरी लागते का गं?” बाबांच्या प्रश्नामागे माझं एज्युकेशन लोन आहे आणि त्या प्रश्नाला खरं उत्तर देणं मला भाग आहे. माझं म्हणणं फॉरमॅटबद्दल आहे. आपल्या सेमिनारच्या फॉरमॅटमध्ये ॲप्लिकेशनच्या स्लाइडला मार्क्स आहेत, पण ‘हे का चालत नाही’ या स्लाइडला नाहीत. मग पोरं काय करणार? सिनियर्सच्या पीपीटी उघडून बघा. गेल्या काही बॅचेसमध्ये प्रत्येक टॉपिकने कॅन्सर बरा केलाय, बॅटरी दहापट केलीय आणि शेतकऱ्याला मदत केलीय. ज्याला खोटं म्हणायला आपल्याला लाज वाटते ते आपण ‘फ्युचर स्कोप’ या नावाखाली लिहितो. वीस वर्षांच्या मुलांना इंजिनिअर बनवताना आपण त्यांना सर्वांत आधी फुगवून सांगायला शिकवतो, हे मला पटत नाही. पुलाचं डिझाइन करणाऱ्याने असं केलं तर काय होईल हे सिव्हिलवाल्यांना विचारा.

आणि गंमत म्हणजे, अडचणींची स्लाइड खरी लिहिली असती तर सेमिनार जास्त इंटरेस्टिंग झाला असता. कारण थंडीच्या अडचणीवर लोकांनी काय काय केलंय! क्रिस्टलमधला एक रेणू हाय स्पिन झाला की तो फुगतो, लोखंड आणि नायट्रोजनमधलं अंतर साधारण एक दशांश वाढतं. फुगला की शेजाऱ्याला ढकलतो. लोकलमध्ये एकाने सॅक पाठीवरून पुढे घेतली की पूर्ण पॅसेज हलतो तसं. त्यामुळे सगळे एकदम बदलतात आणि एकदा बदलले की सहज परत येत नाहीत. यालाच आपण हिस्टेरिसिस म्हणतो. हो, तीच बी-एच कर्व्हवाली, जी आपण फर्स्ट इयरला जर्नलमध्ये सिनियरचं बघून काढली. लोखंड, प्लॅटिनम, सायनाइड आणि पायराझिन यांच्या एका संयुगात हा लूप साधारण १२ ते ३६ डिग्री सेल्सिअसच्या मध्ये येतो, म्हणजे रूम टेम्परेचरला. २००५ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये बूसक्सू यांच्या ग्रुपने त्यावर लेझरचा एकच पल्स मारला आणि पदार्थाची अवस्था बदलली, बदललेली राहिली. हेलियम नाही, क्रायोस्टॅट नाही. (बदलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्याकडे ही मेमरी दुपारी आपोआप पुसली जाईल हे कबूल आहे.)

२०११ मध्ये जर्मनीतल्या कीलच्या हेर्गेस यांच्या ग्रुपने आणखी वेगळा रस्ता काढला. निकेलची एक चपटी चकती, तिच्या कडेला एक हात. हिरवा प्रकाश टाकला की हात वळून निकेलवर टेकतो आणि निकेल मॅग्नेटला प्रतिसाद द्यायला लागतं. निळसर प्रकाश टाकला की हात उचलला जातो, मॅग्नेटिझम गायब. रेकॉर्ड प्लेअरच्या पिनसारखं. साध्या द्रावणात, साध्या खोलीत, उघड्या हवेत, दहा हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करूनही खराब न होता. त्या पेपरचा पहिला लेखक आपल्या देशातला आहे, सुगुमार वेंकटरमणी. ते पुढे मोहालीच्या आयसरला प्रोफेसर झाले. हा पेपर मला सेमिनारनंतर दोन आठवड्यांनी सापडला, कारण आधी मी पेनड्राइव्हचं चित्र शोधत होते.

आणि एवढं लांब तरी कशाला? अंबरनाथहून लोकल पकडा, कुर्ल्याला हार्बरला बदला, ट्रॉम्बेला बीएआरसी आहे. तिथे एस. एम. युसुफ, अमित कुमार आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं प्रशियन ब्लूच्याच कुटुंबातल्या पदार्थांवर काम करत आले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव रिॲक्टरमधून न्यूट्रॉन काढून ते या पावडरवर सोडायचे. न्यूट्रॉनला चार्ज नसतो पण स्वतःचं छोटं मॅग्नेटिझम असतं, त्यामुळे क्रिस्टलच्या आत कोणत्या अणूचं टोक कुठे आहे ते तो सांगतो. तांबं आणि मँगनीज घातलेल्या अशा एका पदार्थात त्यांनी दाखवलं की थंड करत नेलं की मॅग्नेटचे उत्तर-दक्षिण आपोआप उलटे होतात. तिथे स्विच तापमानाचा आहे, प्रकाशाचा नाही, हे सांगायला हवं. (बघा, सुधारतेय मी.) पवईला आयआयटीत महेश्वरन षण्मुगम असे रेणू-मॅग्नेट बनवतात आणि गोपालन राजारामन ते असे का वागतात याचं कॅल्क्युलेशन करतात. म्हणजे ज्या निळ्या पावडरीची गोणी बाबा आयुष्यभर अंबरनाथला शिवत होते, तिच्या नात्यातल्या पावडरीच्या आत लोक ट्रॉम्बेला न्यूट्रॉन घालून बघत होते. मधे जेमतेम दोन तासांचा लोकलचा प्रवास. आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

हे मला का लागतं ते सांगते. २०१४ च्या नोव्हेंबरच्या शेवटी उल्हासनगरमध्ये कोणीतरी टँकरभर केमिकल वालधुनीच्या पाण्यात सोडलं आणि रात्री शेकडो लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊन हॉस्पिटलला न्यावं लागलं. मी तेव्हा प्रायमरीत होते. दुसऱ्या दिवशी आईने आम्हाला खिडक्या लावून घरात ठेवलं होतं. वालधुनी आमच्या शिवमंदिराच्या बाजूने वाहते. ते मंदिर १०६० साली, शिलाहारांच्या काळात पूर्ण झालं. त्या नदीचा रंग आमच्या पिढीने पाण्याचा कधी पाहिलाच नाही. आमच्याकडे ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. केमिस्ट्रीला जाते म्हटलं तर शेजारची मावशी म्हणते, “परत त्या वासात?” आमच्या पट्ट्यातली हुशार मुलं म्हणून कॉम्प्युटरला जातात, आणि ज्यांना कारखान्यातलं खरंच कळतं ती माणसं रिटायर होऊन कट्ट्यावर बसतात. केमिस्ट्रीचा सगळा त्रास आम्ही घेतला. त्यातली जी बघण्यासारखी गोष्ट आहे ती मात्र आम्हाला कधी कोणी दाखवली नाही, यावर माझा आक्षेप आहे.

यावर हॉस्टेलमध्ये वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, “तुला रंग सुंदर दिसतो, कारण पाणी तुझ्या नळाला स्वच्छ येतं.” तिचं घर कॅम्पमध्ये जीन्स धुणाऱ्या युनिटच्या मागे होतं आणि तिच्या दारातला नाला लहानपणी रोज निळा असायचा. तिच्यासमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. फक्त एवढं म्हणेन की नाल्यातला रंग कुठून आला, त्यात काय आहे, तो कसा काढायचा, हे सांगणारा माणूसही शेवटी इलेक्ट्रॉन कुठे बसतात हेच शिकलेला लागतो. प्रशियन ब्लूचंच बघा. थॅलियमची विषबाधा झाली किंवा किरणोत्सारी सीझियम पोटात गेलं तर हीच पावडर औषध म्हणून देतात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात लोकांना ती दिली होती. हे ऐकून ती म्हणाली, “मग आमच्या नाल्यात ती होती का?” नाही. तो इंडिगो होता. आम्ही दोघी हसलो, पण ती थोडं कमी हसली.

आता माझी मागणी. मोठी नाही. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आपण पाण्याचा हार्डनेस काढतो. सगळे काढतात, बरेच जण आधीच्या बॅचचं रीडिंग टाकतात. त्यातलं एक प्रॅक्टिकल बदलता येईल. ट्रायझोल आणि लोखंडाचं टेट्राफ्लुओरोबोरेट यांचं एक संयुग आहे, साध्या काचेच्या भांड्यात तयार होतं. खोलीत ते जांभळट गुलाबी असतं. हॉटप्लेटवर साधारण ११० डिग्रीच्या पुढे नेलं की पांढरं होतं. थंड करायला घेतलं की लगेच परत गुलाबी होत नाही. १०० ला पांढरं, ९० ला पांढरं, ८० लाही पांढरं, आणि साधारण ७० ला आल्यावर गुलाबी. म्हणजे ९० डिग्रीला ते कुठल्याही रंगाचं असू शकतं, आधी काय झालं होतं त्यावर अवलंबून. पदार्थाला आठवण आहे! फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कान यांनी नव्वदच्या दशकात याच कुटुंबातल्या पदार्थांपासून डिस्प्ले करून दाखवले होते. एक थर्मामीटर, एक हॉटप्लेट आणि डोळे, एवढ्यावर आपली मुलं हिस्टेरिसिस लूप स्वतः काढू शकतात. सिनियरचं जर्नल बघून नाही.

आणि सेमिनारच्या फॉरमॅटमध्ये एक स्लाइड: ‘हे अजून का चालत नाही’. मार्क्स ॲप्लिकेशनइतकेच.

माझ्यापुरतं सांगायचं तर कॅम्पस मी देणार आहे, कारण लोनचे हप्ते कोणाच्या कुतूहलावर थांबत नाहीत. गेटही देणार आहे. दोन्हीपैकी काय आधी लागेल माहीत नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवलेली थोडी निळी पावडर घेऊन आले, रिटायर व्हायच्या आधी शेवटच्या बॅचमधून सॅम्पल म्हणून आणलेली. ती सध्या माझ्या हॉस्टेलच्या खिडकीत आहे. वॉर्डन मॅडमनी दोनदा विचारलं की हे काय आहे. उजाला आहे असं सांगितलंय. मॅडम, सॉरी.

केमिस्ट्रीच्या मॅडमना मी प्रॅक्टिकलबद्दल विचारलं. त्यांनी ट्रायझोलची बाटली मागवायला होकार दिलाय. टेट्राफ्लुओरोबोरेटचं अजून विचारायचं आहे, आणि लॅबमधल्या दोनपैकी एक हॉटप्लेट बंद आहे. इलेक्ट्रिकलवाल्या कोणाला दुरुस्त करता येत असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये निरोप ठेवावा.